रिकामा नव्हतो मी

या मित्रांनो, असे जवळ या. वाळूवरच टेका. फक्त हळू बसा आणि माझ्यावर सावली पडू देऊ नका. माझ्या आत एक जण राहतो. तो बुजला की पाय आवळून घेतो आणि मग कितीही विनवा, डोकावत नाही. आत्ता दमून थांबलाय. तो पुन्हा चालू लागेपर्यंत तुम्हाला एक गोष्ट सांगतो. गोष्ट माझी, पण तिच्यात दोन बायका आहेत, एक कावळा आहे आणि बाटलीचं एक निळं झाकण आहे.

मी एक जुना शंख आहे. फुंकायचा नव्हे हो, साधा, तपकिरी पट्ट्यांचा, मुठीत मावेल एवढा. मला एका गोगलगायीने घडवलं. समुद्रातला चुना कणाकणाने अंगात घ्यायचा आणि स्वतःभोवती वेटोळ्यावर वेटोळं चढवायचं, हेच तिचं आयुष्य. हात नाहीत, हत्यार नाही. पण आतली भिंत अशी गुळगुळीत, की गवंड्याने थापी खाली ठेवून बघत राहावं. ती गेली, घर उरलं.

मग भाडेकरू आले. शहाणे लोक त्याला संन्यासी खेकडा म्हणतात. नाव संन्यासी आणि सगळा जीव घरात! पण हसू नका त्याला. देवाने त्याला पुढून नांग्या दिल्या, चिलखत दिलं, आणि मागचं अंग मात्र तान्ह्या बाळाच्या गालासारखं मऊ ठेवलं. उघड्यावर राहिला तर ऊन सुकवील, नाहीतर पाखरं टिपतील. म्हणून तो दुसऱ्याने सोडलेलं घर पाठीवर घेऊन जगतो. त्याच्या मऊ अंगाला वळणही असं, की ते माझ्या वेटोळ्यात अलगद बसतं. वाळू तापली की आत धरून ठेवलेल्या घोटभर पाण्यावर तो तग धरतो. अंग वाढलं की मोठं घर शोधायचं, जुनं मागच्यासाठी सोडायचं. भाडं नाही, कुलूप नाही, भांडण... ते होतं कधीकधी, खोटं कशाला बोलू?

असे कितीतरी जण मी सांभाळले. शेवटचा मोठा होऊन गेला आणि पुढच्याची वाट बघत मी भरतीच्या रेषेवर पडून होतो. तेवढ्यात टोपली घेऊन आरसेवाली आली. आरशांच्या चौकटींवर शिंपले चिकटवून ती विकायची. तिने मला उचललं, आत डोकावली आणि म्हणाली, "रिकामाच आहे." झालं, पडलो टोपलीत.

तिची एकच खोली. भिंतीला पलंग, कोपऱ्यात शेगडी, खिडकीत ॲल्युमिनियमचं घमेलं. घमेल्यात आम्ही. पहिल्या दिवशी तिने मला घासून उजेडात धरलं. "काय पाणी आहे रे तुझ्यावर!" मी फुगलो. पण चौकटीला मी मोठा पडलो आणि घमेल्याच्या तळाशी गेलो. माझ्यात धूळ साचली. कुणाची हालचाल नाही, कुणाच्या पायांची कुरकुर नाही. मित्रांनो, घराला ओझं वाहण्याचा कंटाळा येत नाही. ओझं नसण्याचा येतो.

मग आरसेवालीची थोरली नणंद तिच्याकडे राहायला आली. दोघींचेही नवरे कधीच गेलेले. नणंदेचं सामान म्हणजे एक वळकटी आणि एक पिशवी. जिभेला मात्र तोटा नव्हता. पलंगावर निजायला सांगितलं तरी ती उंबऱ्याजवळच पथारी टाकायची. म्हणायची, "माझी कशाला अडचण?"

त्याच सुमारास एका खानावळवाल्याने दाराला शंखांचा पडदा मागितला. आरसेवालीने आम्हा मोठ्यांना बाहेर काढून प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलने खूण केली. तिथे गिरमिटाने भोक पडणार होतं. भोक पडलं की पाणी गळणार. मग आमच्यात कुणी राहणार नव्हतं, कधीच.

त्या संध्याकाळी नणंद किनाऱ्यावरून धापा टाकत आली.

"अगं, वाळूत झाकण चालत होतं!"

"वन्सं, चष्मा बदला."

"चष्मा लावूनच गेले होते. झाकणाला पाय होते, पाय! चल बघायला."

दोघी गेल्या. परतल्या तेव्हाही नणंदच बोलत होती.

"अर्धं अंग उघडं गं त्याचं. झाकणात मावतंय कुठे? आणि तो मेला कावळा टपून बसलाय. एक शंख मिळेना बिचाऱ्याला."

आरसेवालीने मला हातात घेतलं, गिरमिट उचललं. "मी काय कुणाला बाहेर काढून आणले का? रिकामे होते, म्हणून उचलले."

"तुझी खोलीही रिकामी होती की, मी येईपर्यंत. नेली का कुणी उचलून?"

गिरमिटाचं टोक माझ्या पाठीवर टेकलं होतं. ते तसंच थांबलं. आरसेवाली म्हणाली, "खोली रिकामी नव्हती, वन्सं. मी वाट बघत होते."

तिने गिरमिट खाली ठेवलं.  

उजाडताच दोघींनी घमेलं किनाऱ्यावर आणलं. झाकणवाला खेकडा सापडला. आरसेवालीने मला त्याच्यापुढे ठेवलं. त्याने नांगीने मला चाचपलं, आत मोजून पाहिलं आणि मागे सरला. मी त्याला फार मोठा होतो.

"ढगळ झाला गं!" आरसेवाली म्हणाली.

पण तो गेला नाही. तिथेच थांबला. हळूहळू त्याच्याहून मोठा आला, त्याहून मोठा आला, आणि मोठ्यापासून लहानापर्यंत एकमेकांना धरून सगळे रांगेत उभे राहिले.

"नळावर तरी अशी शहाणी रांग बघितलीस का कधी?" नणंद कुजबुजली.

सर्वांत मोठा माझ्यात शिरला. त्याने सोडलेल्या घरात दुसरा, दुसऱ्याने सोडलेल्या घरात तिसरा. शेवटी झाकणवाल्याने झाकण टाकलं आणि क्षणभर तो जगापुढे उघडा पडला. कावळा झेपावला. नणंदेने चप्पल अशी भिरकावली, की ती लाटेत गेली आणि परत आलीच नाही. कावळा उडाला. समोरच्या शंखात एक मऊ शेपूट सर्रकन नाहीसं झालं.

दोघी वाळूत बसून लहान मुलींसारख्या हसल्या. मग घमेलं तिथेच पालथं केलं. पुढे आरसेवालीने किनाऱ्यावरची झाकणं वेचून त्यांचाच पडदा ओवला. खानावळवाल्याने नाक मुरडलं. पडदा आता या दोघींच्याच दाराला आहे, आणि नणंद निजते पलंगावर.

मित्रांनो, जगणं ही एकट्याची करामत नसते. कुणी अंगाला वळण घेतं, कुणी जागा सोडतं, तेव्हा कुठे एक जीव तगतो. किनाऱ्यावर शंख दिसला तर बघा, हरखा, आणि तो तिथेच राहू द्या. तो रिकामा नसतो, वाट बघत असतो. आणि माझी एवढी विनंती ठेवा: कधी तुम्हाला मोठं घर मिळालं, की रांगेत सर्वांत शेवटी जो उभा आहे, त्याची आठवण काढा.