लाल खडूची फुली

ताईंच्या जेवणाच्या टेबलावर कित्येक महिन्यांत कोणी जेवलं नव्हतं. त्यावर एक लोखंडी सांगाडा हातपाय पसरून पडला होता आणि शेजारी खुर्ची ओढून भाऊजी बसलेले असत. भाऊजी म्हणजे ताईंचे यजमान. ताईंचा धाकटा भाऊ त्यांना भाऊजी म्हणायचा, म्हणून सगळी गल्लीच म्हणायची. लाकूड कोरणारं सीएनसी यंत्र घरीच बनवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. कॉम्प्युटरने सांगायचं, यंत्राने निमूट कोरायचं. सांगितलेलं निमूट ऐकणारं घरात एक तरी असावं, असं भाऊजींना वाटलं असेल तर त्यात गैर काय?

यंत्रावर पहिली कोरायची होती ती ताईंच्या दुकानाची पाटी. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकामाचं दुकान सुरू व्हायचं होतं. 'शिवणघर' एवढीच पाच अक्षरं. पेंटरला बोलवू या, असं ताईंनी एकदा सुचवून पाहिलं, तर भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. कारखाना बंद पडल्यापासून हा माणूस सकाळी दाढी करून तयार व्हायला लागला होता तो या यंत्रापायी. ताईंनी पेंटरचा विषय पुन्हा काढला नाही. पाटी यांच्याच हातची लागली पाहिजे, हे त्यांनी ठरवून टाकलं.

पण घोडं अडलं होतं एकाच जागी. यंत्राचं कोरणारं डोकं इकडून तिकडे आणि खालीवर न्यायचं कशाने? भाऊजींनी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढलेली. खोट दिसली की लाल फुली मारायची आणि माल बाजूला काढायचा. आयुष्यभर नापास करत आलेल्या माणसाला पास करायचं कसं ते कुठून कळणार? घरात लाल रंग नव्हता, म्हणून ताईंचा कापडावर खुणा करायचा लाल खडू त्यांनी लांबवला होता.

दातेरी पट्टी आणली. "धूळ बसली की खडखडणार." फुली. साधा आट्यांचा स्क्रू आणला. "आट्यांत फट आहे, अक्षर थरथरेल." फुली. मग रबरी पट्टा आणला. त्याच्यावर भाऊजी जरा खूश दिसले, म्हणून ताईंना राहवलं नाही.

"माझ्या शिलाई मशीनचा पट्टा ढिला झाला की मी पाय मारत बसते आणि सुई आराम करते," त्या म्हणाल्या. "तुमच्या यंत्राला तो गुण लागला नाही म्हणजे मिळवली."

गंमत अंगाशी आली. भाऊजींनी पट्ट्याकडे एक नजर टाकली आणि खडू उचलला.

"माझं लग्नसुद्धा याच्यापेक्षा लवकर ठरलं," धाकटा भाऊ म्हणाला.

"म्हणून तर त्यात एवढ्या फटी राहिल्या," भाऊजी म्हणाले, आणि पुढच्या वस्तूची वाट बघत बसले.

शेवटी बॉलस्क्रू आला. आट्यांतून बारीक छर्रे फिरणारा, आरशासारखा चकचकीत. भाऊजींनी तो उभा धरला, नट वर नेऊन सोडला. नट गरगर फिरत आपला आपण खाली आला.

"बघ. कुठे अडकणं नाही, घासणं नाही."

"सोडल्यावर खाली येतो, यात कौतुक कसलं?"

"अगं, हेच तर कौतुक."

खडू टेबलावर तसाच राहिला. ताईंनी मनातल्या मनात हात जोडले.

यंत्र उभं राहिलं, आणि दुकान उघडायच्या आदल्या दिवशी सागाच्या फळीवर अक्षरं उमटू लागली. काय सुरेख अक्षरं होती. शि, व, ण, घ, र. त्यातही 'शि'ची वेलांटी अधिक ऐटबाज. ताई हातातलं शिवण टाकून बघत राहिल्या. कोरणारं डोकं कडेची रेघ काढायला 'र'च्या पुढे सरकलं आणि तेवढ्यात लाईट गेली.

मोटर चालू होती तोवर तिने ते जड डोकं वर धरून ठेवलं होतं. वीज जाताच बॉलस्क्रूने आपला गुळगुळीतपणा दाखवला. डोकं गरगरत खाली आलं आणि त्याचं अजून फिरत असलेलं पातं फळीतून आरपार गेलं. 'र'च्या शेजारी एक गोल भोक.

भाऊजींनी भोकात बोट घालून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "साध्या स्क्रूने ते जागच्या जागी धरून ठेवलं असतं. त्याला मी नापास केलं."

"माझ्या पट्ट्याच्या बोलण्याने सगळं झालं," ताई म्हणाल्या.

"तुझं काही नाही. तपासणारा मी." त्यांनी खडू घेतला आणि फळीवर वाकले. ही फुली एकदा पडली की उद्यापासून दाढी बंद, हे ताईंना कोणी सांगायला नको होतं.

त्यांनी भाऊजींच्या हातातून खडू काढून घेतला. ताईंचाच होता तो. भोकाच्या बाजूने त्यांनी एक मोठा गोल काढला आणि आत भोकाजवळ तीन ठिपके दिले.

"एवढी तीन भोकं अजून पाडा. बटण होईल."

भाऊजींनी मोजपट्टी उचलली. "भोकं किती मिलीमीटरची?"

"अहो."

"नाही, म्हणजे अंतर सारखं ठेवायचं की..."

"निवडत बसलात तर पेंटरला बोलवेन."

लाईट आल्यावर बटणाचा गोल यंत्राने कोरला. भोकं भाऊजींनी हाताच्या ड्रिलने पाडली. यंत्रावर त्यांचा थोडा रुसवा होता.

सकाळी पाटी दारावर चढली. पहिल्या गिऱ्हाईक बाई आत यायच्या आधी दारातच थांबल्या. "बटणाची कल्पना छान आहे हो. कोणाची?"

भाऊजींनी घसा साफ केला. चोरी करताना सापडलेल्या मुलासारखं ताईंकडे पाहिलं. "मुद्दामच केलंय ते," म्हणाले.

"हो तर," बाईंच्या खांद्याचं माप घेत ताई म्हणाल्या. "त्याच्यासाठीच तर आम्ही इतके महिने स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवलो."

बाई हसल्या. भाऊजीही हसले, आणि पाटी तिरकी तर लागली नाही ना, ते बघायला स्टूल घेऊन बाहेर गेले. खडू ताईंच्या हातात होता. तो मागायचं भाऊजींना आठवलंच नाही.