नाक दाबून जोर लाव

टप्. स्वयंपाकघरातला नळ गळला आणि दुपारची शांतता मोडली. बाप प्लंबर, मुलगा प्लंबर, आणि घरचा नळ मात्र कधीपासूनचा गळका. लोकांची घरं कोरडी करता करता यांना सवड कुठून मिळणार? सून ठकीला मांडीवर घेऊन बसली होती. त्या एवढ्याशा आवाजानं पोरगी जागी झाली आणि तिनं उजव्या कानावर तळवा दाबला.

"दुखतंय गं आई."

सर्दी जुनीच होती. नाक चोंदलेलं, आवाज घोगरा, आणि आज सकाळपासून कानात ठणका. सुनेनं कानाला ऊबदार फडकं धरलं होतं, दुखण्यावरचं औषध पाजलं होतं, डॉक्टरीणबाईंची संध्याकाळची वेळ घेतली होती. तोवर पोर घरातल्या शहाण्यांच्या हाती लागू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

पण शहाणे जेवून उठले होते.

"काय झालं आमच्या बाईसाहेबांना?" सासरे हात पुसत आले.

"कान दुखतोय, बाबा. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेतेय."

"डॉक्टर काय करणार? थेंब लिहून देणार." त्यांनी खुर्ची ओढली. "अगं, नाक, कान, घसा, सगळी एकच लाइन. मध्ये कुठंतरी तुंबलंय. तुंबलं की प्रेशर द्यायचं. यात शिकण्यासारखं काय आहे?"

जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर सासऱ्यांकडे हा एकच इलाज होता. पोट फुगलं, प्रेशर. डोकं जड झालं, प्रेशर. स्वतःचा गुडघा दुखला की मात्र त्यांना शहरातला सगळ्यात मोठा डॉक्टर लागायचा, आणि तोही बाहेर शिकून आलेला.

"अहो, तुम्ही तरी सांगा," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा दाराला टेकून दात कोरत होता. बापासमोर त्याचं तोंड फक्त जेवायला उघडायचं. आज मात्र उघडलं. "करू दे की. बाबांचा हात हलका आहे. लहानपणी माझेही कान त्यांनीच मोकळे केलेत."

'म्हणून तर एकेक गोष्ट तीनदा सांगावी लागते,' असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. अशी गिळलेली वाक्यं तिच्या पोटात थरावर थर साठली होती. त्यांना कुणी प्रेशर दिलं असतं, तर घराचं छप्पर उडालं असतं.

सासऱ्यांनी ठकीला पुढ्यात उभं केलं. "हं, नाक घट्ट धर. तोंड मीट. आता फुगा फुगवतेस ना, तसा जोर लाव."

"बाबा, राहू द्या ना," ती म्हणाली.

राहू द्या ना. सोडा तिला, असं नव्हे. पहिलं वाक्य म्हणायला परवानगी असते आणि ते कुणी ऐकत नाही. दुसरं म्हणणारी उद्धट ठरते.

ठकीनं जोर लावला. "अजून," आजोबा म्हणाले. गाल लालभडक झाले. "शाब्बास, अजून थोडा." पोरगी किंचाळली आणि एकाएकी गप्प झाली. कानातून पिवळट पाणी मानेवर ओघळलं.

"दुखतंय अजून?" आजोबांनी विचारलं.

"नाही," ठकी नवलानं म्हणाली.

मग काय, आनंदीआनंद. "निघाली की नाही घाण? आणि ही चालली होती डॉक्टरकडे." सासऱ्यांनी ही कीर्ती फोनवरून धाकट्या भावाला कळवली. नवऱ्यानं बायकोकडे अशा डौलानं पाहिलं, जणू त्याच्या बापानं नदी अडवली होती. ती ठकीच्या ओल्या मानेवरून पदर फिरवत राहिली.

संध्याकाळी सासरे हट्टानं सोबत आले, त्यांच्यामागून नवराही. डॉक्टरीणबाईंनी कानात उजेड टाकून पाहिलं.

"पडदा फाटलाय. पू साठून ताणला गेला होता, आपणहूनही फुटला असता कदाचित. फुटला की ठणका थांबतो, म्हणजे बरं झालं असं नाही. पण दुखऱ्या कानाला असा जोर लावायला कुणी सांगितलं?"

सासरे भिंतीवरचं कानाचं चित्र फार मन लावून बघू लागले.

"बहुतेक भरून येईल. कानात पाणी, तेल, काही जाऊ द्यायचं नाही. नाक शिंकरायचं ते हळू, एकेक नाकपुडी. पडदा भरला की ऐकू किती येतंय ते तपासू."

बहुतेक. तिनं ठकीच्या उजव्या कानावरचे केस मागे सारले.

रस्त्यावर येताच सासऱ्यांना कंठ फुटला. "दुखायचं थांबलं ना? मग झालं. या बाया उगाच घाबरवतात." नवऱ्यानं मान डोलावली. कानातली नळी किती बारीक असते आणि असली फिटिंग कुणी केली असेल, यावर बोलत बापलेक पुढे निघाले.

ती मागे राहिली. ठकी आता कडेवर घेण्याएवढी लहान नव्हती, तरी तिनं घेतलं.

"आजोबा काय म्हणाले? मला या बाजूनं नीट ऐकू नाही आलं."

तिनं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं, डाव्या कानापाशी तोंड नेलं. "काही नाही गं, सोने."

"आई, जोर लावायचा नसतो, हे तुला आधीच माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे तुला आजोबांपेक्षा जास्त कळतं."

तिनं घसरणाऱ्या पोरीला कडेवर जरा वर सरकवलं. ठकीनं जरा विचार केला.

"मग तू त्यांना का घाबरतेस?"