दिवे लावल्यावरचा काटा

महिन्याभरात दुसऱ्यांदा पेट्रोल संपून अप्पांची गाडी रस्त्यात बंद पडली, तेव्हा मुलाने किल्ली सरळ स्वतःच्या खिशात टाकली. काटा अर्ध्यावर होता, असं अप्पा शपथेवर सांगत होते. मुलाने गाडीत डोकावलं तर काटा तळाला. आता काट्यावर विश्वास ठेवायचा की सत्तरी ओलांडलेल्या बापावर? अप्पांना राग आला होताच, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. आपलं डोकं खरंच कामातून गेलं असलं तर?

खात्री करायला मुलाने गाडी आणि अप्पांना गॅरेजमध्ये नेलं. तिथली मीटर दुरुस्त करणारी बाई मोजकंच बोलायची. तिने टाकीकडून येणारी वायर तपासली, टेस्टर लावून पाहिला. सगळं ठणठणीत. मुलाने ‘मी म्हणत नव्हतो?’ असा चेहरा केला. अप्पा नजर चुकवून भिंतीवरचे पान्हे बघत बसले.

पण बाईची एक खोड होती. गिऱ्हाइकाला आधी गाडीत बसवल्याशिवाय ती मीटर खोलायची नाही. तिने मुलाकडून किल्ली घेऊन गाडीला लावली आणि अप्पांना बसवलं.

"काका, रोज निघता तसे निघा. माझ्याकडे बघू नका."

अप्पांनी पट्टा लावला, आरसा सारखा केला, गाडी चालू केली आणि भर दुपारी दिवे लावले. तळाचा काटा मुकाट्याने उठला आणि अर्ध्यावर जाऊन बसला.

"दिवसाढवळ्या दिवे कशाला?" मुलगा म्हणाला.

"तुझी आई खिडकीत असायची. परतताना गाडीचे दिवे दिसले की चहा टाकायची, म्हणून निघतानाच लावून ठेवायचो." अप्पा ओशाळले. "ती गेली, हाताची सवय राहिली."

बाईने मीटर बाहेर काढलं. मागे अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट गंजला होता. त्यामुळे दिव्यांचा भार आला की काटा वाटेल ते दाखवायचा. मुलगा बघायचा दिवे बंद असताना, म्हणून त्याला काटा बरोबर दिसायचा. तिने बोल्ट घासला, वायर आवळली, दिवे लावले. काटा तळाशीच राहिला.

"काका, तुमचं डोकं शाबूत आहे. पेट्रोल तेवढं भरा."

अप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

तिने दिलेली किल्ली मुलाने अप्पांपुढे धरली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसला. गाडी सुरू झाली. अप्पांचा हात दिव्यांच्या बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"लावा ना," मुलगा म्हणाला. "घरी गेल्यावर चहा मी टाकतो."