जोडीचं कार्ड

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या संगप्पानं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधून दुसरं ग्राफिक्स कार्डही हलकेच ओढून काढलं आणि दोन्ही कार्डं पलंगावरच्या चादरीवर शेजारीशेजारी ठेवली. एका घडणीची, दोन-दोन पंख्यांची, उचलून बघितली तरी फरक कळू नये अशी. जुळ्या पोरांतल्या एकाच्या गालाला तीट लावावी तसं त्यातल्या एकावर कुंकवाचं बोट होतं. वाळून तपकिरी पडलेलं. ते व्याह्यांनी दिलेलं. बिनकुंकवाचं ते घरचं.

"बोल की आता," कमलम्मा दारातल्या खुर्चीवरून म्हणाली. "कुंकवाचंच खराब हाय न्हवं?"

संगप्पा चष्मा पुसत राहिला. सकाळपासून त्यानं सगळं करून बघितलं होतं. सॉफ्टवेअर पुसून नवं घातलं, वायरी बदलल्या, कार्डांच्या जागा बदलल्या. तरी कार्ड तपासायला पडद्यावर आपली आपण पळणारी खेळातली गाडी उचकी लागल्यासारखी घाट चढायची. शेवटी एकेक कार्ड एकेकटं लावून पाहिलं, आणि तेव्हापासून तो गप्प होता.

"न्हाय अक्का. कुंकवाचं झकास हाय. एकटं लावलं की गाडी लोण्यावरनं गेल्यागत जातीय. दुसरं गेलंय. जोडीत घातलं की चांगलं कार्ड वाईटासाठी थांबतंय, म्हणून सगळंच अडखळतंय."

"दुसरं म्हंजे?"

"म्हंजे... घरचं."

कमलम्माच्या पोरानं, ईरप्पानं, आईकडं बघितलं आणि मग खिडकीकडं.

घरचं कार्ड कमलम्माच्या भावानं कुठूनसं आणलं होतं, आणि पेटीबंद आहे असं तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. पोराचं लग्न ठरलं तेव्हा तिनं फ्रीज नको, कपाट नको म्हटलं. पोराच्या खेळाला घरच्यासारखंच दुसरं, जोडीचं कार्ड पाहिजे म्हटलं. दुधनीच्या अडतीवर तुरीचं वजन करणाऱ्या व्याह्यानं, शिवप्पानं, ते नाव कागदावर लिहून घेतलं आणि कुठून कुठून शोधून, नवंकोरं आणून दिलं. लक्ष्मी आली म्हणून चार माणसांत कमलम्मानंच त्याला कुंकू लावलं. पुढं खेळ अडखळायला लागला, तसं तिचं तोंड सुटलं. बाप खोटा, माल खोटा, पोरगी तरी खरी कशावरून! जेवताना, धुणं वाळत घालताना, आल्यागेल्यासमोर. सून महेश्वरी खालमानेनं भाकरी थापायची. आणि काल तर कमलम्मानं दुधनीला फोनच लावला होता.

"उद्या या, शिवप्पाअण्णा. तुमच्यादेखत तपासू. तुमचं खोटं निघालं, तर नवं आणून देईस्तवर पोरगी तुमच्याकडं ऱ्हाईल."

वर समोरच्या दोघी बायांना चहालाही बोलावून ठेवलं होतं. आता काय, हसून सोडून देता आलं असतं. पण थुंकलेलं गिळायची सवय कमलम्माला जन्मात नव्हती.

ती उठली. देव्हाऱ्यातून करंडा आणला. पदराचं टोक जिभेला लावून कुंकवाच्या कार्डावरचा डाग घासून काढला, अगदी कोपऱ्यातला कणसुद्धा. मग समईतल्या तेलात कुंकू कालवलं आणि दुसऱ्या कार्डावर, बरोबर त्याच जागी, अंगठा टेकवला.

"अव्वा, अगं..." ईरप्पा म्हणाला.

"तू गाड्या पळव. घर मी पळवते."

संगप्पा उठायला लागला. तिनं त्याच्याकडं न बघताच विचारलं, "दुकानाचा गाळा कुणाचा रे तुझा?"

"तुमचा, अक्का."

"मग बस. तुला खोटं बोलायला कोण सांगतंय? जे दिसंल ते बोलायचं."

आतल्या भाकरीच्या थापांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

शिवप्पा दुपारच्या गाडीनं आला. हातात तुरीच्या डाळीची पिशवी, डोक्यावर धुतलेली टोपी. पाय धुऊन तो स्टुलावर टेकला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. समोरच्या बाया आल्या. त्यांना पलंग मिळाला, बशा मिळाल्या. शिवप्पाला कुणी चहा विचारला नाही.

"लाव रे," कमलम्मा म्हणाली. "कुंकवाचं कुणाचं, सांगा अण्णा."

"आमचं," शिवप्पा म्हणाला.

"ऐकलं न्हवं सगळ्यांनी?"

संगप्पानं आधी दोन्ही कार्डं लावली. गाडी अडखळली. मग एकटं कुंकवाचं लावलं. गाडी दहा पावलं गेली, थांबली, गचका देऊन पुढं गेली, पुन्हा थांबली. पंखा कण्हल्यासारखा वाजत होता. मग ते काढून बिनकुंकवाचं लावलं, आणि पडद्यावर घाट असा उलगडला की एका बाईच्या तोंडून "अगं बाई!" निघालं.

"कुठलं खराब?" कमलम्मानं विचारलं.

"कुंकवाचं," संगप्पा जमिनीकडं बघत म्हणाला. आणि ते खोटं नव्हतं.

"घ्या! वजनाला बसलेला माणूस काटा मारायचाच. तुरीत खडे खपवता खपवता पोरीच्या लग्नातबी खडाच खपवला की. आणि आमी येडे, त्याला कुंकू लावून घरात घेतलं." ती आत भाकरीच्या आवाजाकडं हात करत बायांकडं वळली. "एकाला न्हाय, दोघांना."

एक बाई हसली. दुसरीनं बशीत तोंड घातलं.

शिवप्पाची मान खाली होती. कमलम्मा वाट बघत होती. तिचं सगळं ठरलेलं होतं. हा हात जोडंल, गयावया करंल, मग आपण चहाचे दोन घोट घेऊ, आणि मग म्हणू, जाऊ द्या, ऱ्हाऊ दे पोरगी, आमचं मन मोठं हाय. त्या दोन घोटांसाठीच तिनं कप अर्धा ठेवला होता.

"बघू का एकदा?" शिवप्पा म्हणाला.

त्यानं कार्ड दोन्ही हातांत घेतलं, तान्ह्या लेकराला घ्यावं तसं. उलटं केलं, सुलटं केलं. मग आपला अंगठा बघितला. अंगठा लालभडक झाला होता.

"कुंकू ओलं हाय, अक्का."

पलंगावरच्या एका बाईनं बशी खाली ठेवली.

"आमच्या देवाचं हाय ते," कमलम्मा म्हणाली. "वाळत न्हाय."

शिवप्पानं जावयाकडं बघितलं. ईरप्पा माऊसची वायर बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"जावईबापू, तुमी काय म्हणता?"



"अव्वा म्हणती तसं."

आत गॅस बंद झाल्याचा खटका आला. महेश्वरी बाहेर आली ती हात धुऊन, पदर नीट करून. खांद्याला कापडी पिशवी होती. पिशवी फार भरलेली नव्हती. पण आत्ता घाईघाईनं भरली असावी इतकी रिकामीही नव्हती.

"अप्पा, ते खाली ठेवा," ती म्हणाली. "ते ह्यांच्या घरचं हाय."

शिवप्पानं कार्ड चादरीवर ठेवलं. कमलम्माचा कप ओठापाशीच राहिला.

"अत्ती, सवाशीण घराबाहेर पडताना घरच्या बाईनं कुंकू लावायचं असतंय."

कमलम्मा जागची हलली नाही. करंडा तिच्या मांडीवरच होता.

महेश्वरीनं थोडा वेळ वाट बघितली. मग वाकली, कार्डावर बोट टेकवलं, आणि ते बोट आपल्या कपाळाला लावलं. अगदी मधोमध.

"ऱ्हाऊ दे. तुमच्याच हातचं हाय हे."

तिनं सासूच्या पायाला हात लावला. नवऱ्याकडं बघितलं नाही. उंबऱ्यावर चपला घालताना म्हणाली, "निघते."

पायऱ्यांवरून दोघांची पावलं खाली गेली. कमलम्मा ऐकत राहिली. सून दुकानापर्यंत मीठ आणायला जायची तरी "येते" म्हणून जायची.

बाया उठल्या. थोरली जाता जाता चादरीपाशी थबकली, बोट पुढं केलं, मागं घेतलं, आणि काहीच न शिवलेलं ते बोट पदराला पुसत बाहेर गेली. संगप्पानं पेचकस गोळा केले. पैशाचं त्यानं काढलं नाही.

"येईल," कमलम्मा म्हणाली. "जाते कुठं."

ईरप्पा दाराकडं बघत होता.

"बघत काय बसलास? आता चालतंय न्हवं झ्याक? खेळ की."

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. पडद्यावर तपासणीची गाडी आपली आपण, कुठंही न अडखळता, घाट उतरत होती.