रो-हाऊस नंबर नऊच्या पोटातली विहीर

मित्रांनो, मला बघायला याल तर मी दिसणार नाही. मी एक जुनी विहीर आहे आणि माझ्या तोंडावर लोकांनी घर बांधलंय. चकचकीत फरशीचं, गुलाबी रंगाचं. दारावर पितळी नऊचा आकडा आहे.

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर चौथ्या वर्षी वाळूजच्या शिवारात पुंजाराम नावाच्या शेतकऱ्यानं मला खणलं. सात परस खोल. माणूस हात वर करून उभा राहिला की एक परस, अशी सात माणसं एकावर एक. शेवटी काळा पाषाण लागला, तो वडारांनी सुरुंग लावून फोडला. पाणी लागलं तेव्हा पुंजाराम घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून खालून ओरडला, "गोड हाय रं, गोड हाय!" ते ऐकून काठावरची माणसं लहान लेकरांसारखी नाचली.

पुढं माझ्यावर मोट चालली, मग इंजिन आलं, मग मोटर. बहात्तर साली आजूबाजूच्या विहिरी आटल्या तेव्हा मी तीन वस्त्यांना पाणी पाजलं. घागर कुणाच्या घरची, हे मी कधी विचारलं नाही. विचारणारे काठावर बसलेले असायचे. लोक मला लक्ष्मी म्हणायचे, हळदकुंकू वाहायचे.

मग कारखाने आले. कामगारांच्या वसाहती झाल्या, गल्लीगल्लीत बोअर पडले आणि माझ्या पोटातलं पाणी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी खालून ओढून नेलं. मी कोरडी पडले, त्या दिवसापासून मी उकिरडा झाले. पुंजारामच्या नातवांनी जमीन विकली. त्यांचा राग नाही मला, त्यांनाही लेकरंबाळं होती. राग आहे तो पुढच्या माणसाचा.

विहीर बुजवायची एक रीत असते. मुरूम थराथरानं टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस ठोकून तो घट्ट बसवायचा. आणि एवढं करूनही त्या जागी घर बांधायचं नाही, झाड लावायचं. बिल्डरनं काय केलं? पाडलेल्या भिंतींचा मलबा, फाटक्या गाद्या, टायर, थर्माकोल असं हाताला लागेल ते माझ्या घशात कोंबलं. वर पातळ काँक्रीट, त्यावर फरशी. आतल्या गाद्या कुजू लागल्या. दर महिन्याला मलबा बोटभर खाली सरकायचा आणि मला धडकी भरायची. मी जन्मभर माणसं जगवली होती. आता माझ्या हातून एखादं कुटुंब गिळलं जाईल की काय!

भिंतीला तडा गेला की बिल्डरचा माणूस तात्यासाहेब यायचा आणि पुट्टी भरून रंग मारायचा. दार अडकलं की सुताराकडून तासून घ्यायचा. बघायला येणारी माणसंही नमुनेदार! ओटा काळा आहे का हिरवा, गाडी आत बसते का, पंखा कुठं लागतो, एवढंच बघायची. खाली काय आहे, हे एकानं विचारलं नाही. मी आतून ओरडायचे. बुजवलेल्या विहिरीचं कोण ऐकतं?

एका रविवारी फारूख आणि रईसा आले. फारूख वाळूजच्या एका कारखान्यात फिटर. चौदा वर्षं पाळ्या करून जमवलेलं सगळं या घरात घालणार होता. रईसाला घर आवडलं होतं.

"अजी, पैले पानी का पूछो ना," ती म्हणाली.

"पाण्याचं टेन्शनच नाय भाभी," तात्यासाहेब म्हणाला. "तुमी फक्त इसाराच्या कागदावर सही करा. दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय."

फारूखनं खिशातून पेन काढला. तेवढ्यात उघड्या दारातून वच्छलाबाई आत शिरली.

वच्छलाबाई म्हणजे पुंजारामची सून. समोरच्या गल्लीत राहते. मागं तिची नातसून तान्हं घेऊन. त्यांच्यात सव्वा महिन्यानं बाळंतीण विहीर पुजते. हल्ली बाकीच्या बाया नळ पुजतात. पण वच्छलाबाई हट्टी. घरच्या विहिरीवर नातसून जाणार म्हणजे जाणारच. एरवी दाराला कुलूप असतं, आज उघडं दिसलं. ती थेट हॉलच्या मधोमध बसली आणि फरशीवर हळदकुंकवाची बोटं ओढू लागली.

"ओ आजी! हे काय लावलंय? गिऱ्हाईक आलंय ना!"

"येऊ दे की. मी माझ्या सासऱ्याच्या विहिरीवर आलीय, तुझ्या घरात नाय."

"कसली विहीर?" रईसानं विचारलं.

"बाई, तू उभी हायेस ना, तीच."

रईसा विंचू दिसल्यासारखी मागं सरली.

"भ्रमिष्ट हाय म्हातारी," तात्यासाहेब हसला.

"भ्रमिष्ट तुझा बाप! जुना सातबारा काढ. इतर हक्कात विहीर लिवलेली हाय, सासऱ्याच्या नावानं."

एवढं बोलून तिनं रीतीप्रमाणं तांब्या ओतला. पाणी दाराकडं जायला पाहिजे होतं. ते गेलं नाही. हॉलच्या मधे फिरलं आणि तिथंच तळं करून थांबलं.

फारूख खाली बसला. जन्मभर मशिनी लेव्हलला बसवणारा माणूस तो. त्यानं पाण्याकडं बघितलं, फरशीवर बोटं वाजवली. पोकळ आवाज आला. तो मी दिला, मित्रांनो, असेल नसेल तेवढा जीव लावून दिला.

"तात्यासाहेब, जुना सातबारा दाखवा."

"त्याची काय गरज? पन्नास हजार कमी करतो, चला!"

"आन् झोपायचं कुठं? कुवें पे?" रईसा म्हणाली. नातसून तोंडाला पदर लावून हसली.

फारूखनं पेन खिशात टाकला. मी सुटले! वच्छलाबाईनं रईसाच्या ओढणीत पूजेच्या मूठभर घुगऱ्या घातल्या. रईसानं तान्ह्याला घेतलं, त्याचा मुका घेतला आणि बराच वेळ त्याला सोडलंच नाही.

दोन महिन्यांनी ती पेढे घेऊन वच्छलाबाईकडं आली. शहरात छावणीच्या बाजूला जुनं, लहान घर घेतलं होतं. फारूखनं वकिलाकडून तीस वर्षांचे कागद तपासून घेतले होते, मंजूर नकाशा बघितला होता. आणि गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या बायकांना विचारलं होतं, इथं आधी काय होतं?

तुम्हीही विचारा, मित्रांनो. लाजू नका. कागद मागितला की जो चिडतो, त्याच्या दारात एक मिनिट थांबू नका. आणि गावातली विहीर आटली म्हणून तिच्यात घाण टाकू नका.

मागच्या मंगळवारी भरदुपारी नऊ नंबरच्या हॉलची फरशी कमरेएवढी खचली. घराला कुलूप होतं. आवाज ऐकून वच्छलाबाई धावत आली. तिनं खिडकीतून वाकून बघितलं, सगळे कोपरे बघितले. आत कुणी नव्हतं.

"बरं झालं गं माय," ती म्हणाली.

मी पण तेच म्हणाले.