राखीव

चिंचोक्याची एक बाजू पांढरी पडली होती... मुद्दाम तर कधी घासला नाही, पण पंधरा वर्षं टेबलाच्या काचेवर इकडून तिकडे सरकवताना झिजला असेल. माणूसही झिजतो, चिंचोक्याचं काय! जोतीराम सरांनी तो अंगठ्याखाली फिरवला. काचेवर बाकीचे दहा आपापल्या जागी बसले होते – गोलजवळ एक, मध्ये चार, पुढे दोन... फक्त मागे डावीकडची एक जागा मोकळी होती. कपाटात लोहचुंबकाचा फळा होता, लाल-निळ्या सोंगट्यांसकट, कुणीतरी कॉलेजला भेट दिलेला. तो काढला की सरांना आपण बँकेत बसलोय असं वाटायचं. चिंचोके बरे. मैदानाकडेच्या चिंचेखालचेच होते.

उद्या इंदापुरात मुलींच्या फुटबॉलची फायनल. चार वाजेपर्यंत यादी फळ्यावर लागायला हवी, आणि पावणेतीन झालेले.

लोक विचारतात, सर, कोण खेळणार हे तुम्ही ठरवता कसं? सर सांगतात – हजेरी बघतो, दम बघतो, समोरचा संघ बघतो. खोटं नाही ते. पण दहा नावं अशी ठरतात. खरं तर ती पोरींच्या पायांनीच ठरवलेली असतात, सर फक्त लिहितात. अकराव्या नावाला मात्र सर एकटे पडतात.

या वेळी त्या जागेला दोघी. राजेश्वरी कन्हेरी गावची, पहिल्या वर्षाची, जूनमध्ये आली तेव्हा बूट कसे बांधायचे हे माहीत नव्हतं आणि आता वाऱ्याला मागे टाकते. स्वरूपा कळसची, शेवटच्या वर्षाची. तीन वर्षं पहिल्या एसटीनं आली. बॉल मोजून घेतले तिनं, जाळ्या बांधल्या तिनं, नव्या पोरींची रडगाणी ऐकली तिनं... आणि गेल्या डिसेंबरात गुडघा दुखावला तो दुखावलाच. वळताना अर्धा क्षण उशीर होतो. समोरच्या संघाची उजवीकडची पोरगी त्या अर्ध्या क्षणाचीच वाट बघत असणार. म्हणजे प्रश्न सोपा होता. सकाळपर्यंत सोपा होता.

सकाळी जाळी गुंडाळता गुंडाळता स्वरूपा म्हणाली होती, "सर, उद्या आई येनारे. पयल्यांदाच." बस, एवढंच. मी आहे ना, असंही विचारलं नाही तिनं. विचारलं असतं तर रागावता तरी आलं असतं.

इंदापूरच ते. मैदानही तेच असेल... तेव्हा एका बाजूला मातीचा बांध होता. तेहतीस वर्षं झाली. त्या साली सरांच्या घरची मेंढरं इंदापूरच्या अलीकडे एका शेतात बसली होती, आणि निरवांगीचं हे मेंढपाळाचं पोरगं फुटबॉल म्हणजे काय करतं ते बघायला वडील, तात्या, खांद्यावर घोंगडी टाकून चालत आले. तेव्हाचे आमचे कोच रावजी सरांनी आदल्या दिवशी यादी वाचली होती. अकरा नावं झाली, मग जरा थांबून, "राखीव – जोतीराम." ते थांबणं मी अजून विसरलेलो नाही. रावजी सरांना मी पुष्कळ वर्षं माफही केलं नाही, मनातल्या मनात शिव्या दिल्या... चांगल्या माणसाला.

पूर्ण सामना मी बाकावर. पुढ्यात सगळ्यांची घड्याळं, शर्ट, चपलांचा ढीग. बांधावर तात्या, काठीवर हनुवटी टेकून. सामना संपल्यावर खाली आले. माझी मान वर होईना.

"तुला काय काम दिलं व्हतं सरांनी?"

"मी राखीव हाय, तात्या."

तात्यांनी चपलांच्या ढिगाकडे बघितलं. "व्हय की. राखनीला ठिवलं तुला. समद्यांचा जिन्नस तुझ्यापाशी! आरं, लांडग्याच्या दिसांत मी बी कुनालाबी राखनीला बसवत न्हाय. ज्याच्यावर भरवसा, त्योच."

आणि गावात जाऊन देवळापुढं सगळ्यांना सांगितलं, इंदापुरात पोरगं राखणीला होतं. लोक हसले. तात्या हसले नाहीत. राहू दे म्हाताऱ्याचा समज, मी मनात म्हटलं, आपलं काय जातं? तात्या गेले ते तो समज घेऊनच. बापासाठी फार काही करता आलं नाही, पण एवढं एक केलं, असं सरांना आजवर वाटत आलं होतं, आणि त्या वाटण्याचा आधारही होता.

दारावर टकटक झाली. स्वरूपा. हातात धुऊन घड्या घातलेल्या जर्सी.

"यादी लागली न्हाय अजून, सर."

"लागेल."

तिनं जर्सी खुर्चीवर ठेवल्या. काचेकडे बघितलं, मोकळ्या जागेकडे बघितलं. तीन वर्षांनंतर ही चिंचोक्यांची भाषा तिला सरांइतकीच येत होती.

"माझं नसलं तर नसू द्या," ती म्हणाली. "राजीचा पाय चांगला चाललाय. आईला मी सांगते, मला राखीव ठिवलंय. तिला काय, सरांनी जपून ठिवलंय आसं वाटंल."

"वाटेल?"

स्वरूपानं जरा विचार केला. मग हसली.

"न्हाय. कळंल तिला. माझं तोंड बघितलं की समदं कळतंय. पन कळलंय आसं दाखवायची न्हाय ती."

सरांचा अंगठा चिंचोक्यावर थांबला.

संध्याकाळी मेंढरं कुंपणाच्या फटीतून आत यायची तेव्हा तात्या तोंडानं मोजायचे नाहीत. नुसते उभे राहायचे, आणि शेवटचं मेंढरू आत गेलं की म्हणायचे, पांढऱ्या कानाची मागं ऱ्हायली. दोनशेत एक! जाऊन बघावं तर खरंच ओढ्याला अडकलेली असायची... त्या माणसाला मैदानावरची अकरा पोरं मोजता आली नसतील? पळणारी कोण आणि मागे राहिलेलं कोण, हे त्याला कळलं नसेल? आणि देवळापुढं, लोक हसत असताना – ते कुणासाठी सांगत होते तात्या? मी तर तिथंच उभा होतो.

तेहतीस वर्षं. आणि आपण समजत होतो, आपण त्यांना सांभाळलं.

"सर?" स्वरूपा म्हणाली. "पानी आनू का?"

"नको. थांब जरा."

ती थांबली. यादीवर दहा नावं लिहून झाली होती. सरांनी अकराचा आकडा घातला, त्यापुढे पेन टेकवलं. काल त्यांना ठाऊक होतं तिथं कोण, आणि खरं तर आत्ताही होतं. पण डाव्या मुठीतला चिंचोका आता गरम झाला होता, आणि तो खाली ठेवायचा म्हटलं तरी मूठ उघडत नव्हती.