कुलूप लावलेली झडप

मी एका बेडरूमच्या खिडकीतली झडप बोलतेय. लोखंडी ग्रिलमध्ये माणूस वाकून बाहेर पडेल एवढी मोकळी जागा ठेवतात ना, तिचं दार म्हणजे मी. आज मी गोड बोलणार नाही.

मला करून घेतलं ते या घरातल्या लेकीनं. घर पहिल्या मजल्यावर, बाहेर पडायला पुढचं दार तेवढं. आग लागली तर आईबाबांनी जायचं कुठून, एवढाच तिचा प्रश्न. बाबा हसले, पण लेकीपुढं त्यांचं काही चालत नसे. वेल्डरनं मला बिजागऱ्या लावल्या, आतून कडी बसवली. लेकीनं आईला मला पुन्हा पुन्हा उघडायला लावलं. तेव्हा काय रुबाब वाटला होता मला!

पुढं लेक लग्न होऊन गेली. खालच्या घरात चोरी झाली आणि बाबांनी मला भलंमोठं कुलूप ठोकलं. किल्ली हॉलमधल्या ड्रॉवरमध्ये. मग माझ्यासमोर जुन्या बॅगांची थप्पी लागली. लेक फोनवर कुलपाचं विचारायची आणि बाबा म्हणायचे, काढतो गं, काढतो. चोराच्या भीतीनं झोपेतून उठून दार तपासणारा हा माणूस, आगीचा विषय निघाला की जांभई द्यायचा. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या.

त्या दुपारी बाबांच्या विजेवर चालणाऱ्या सायकलची बॅटरी पुढच्या दाराशीच चार्जिंगला लावलेली होती. चार्जरही तिचा नव्हे, कुठून तरी आणलेला. दोघं जेवून आडवी झाली होती. मोठा आवाज झाला म्हणून बाबांनी बेडरूमचं दार उघडलं, तर हॉलभर जाळ. त्यांनी दार ओढून घेतलं, आईनं चादर फटीत कोंबली. तरी धूर आत येतच राहिला. बॅगा भिरकावत दोघं माझ्यापाशी आली.

"किल्ली?" आईनं विचारलं.

बाबा मला धरून गदागदा हलवत राहिले. मी तसूभर हलले नाही. त्या घटकेला मला माझ्या मजबूतपणाची किळस आली.

मग त्यांनी आईचं तोंड माझ्या गजांशी धरलं आणि तिच्या पाठीशी उभे राहिले. "तू श्वास घे. मी आहे मागं."

शेजारच्या इमारतीला रंग देणारे शिडी घेऊन धावत आले. त्यांनी पहारीनं कुलूप तोडलं, आईला ओढून घेतलं. बाबांना काढलं तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. दवाखान्यातून ते घरी आलेच नाहीत.

आता राग कुणावर काढू? कुलूप लावणाराच गेला.

आईनं मला पुन्हा कुलूप लावलं नाही, नुसती कडी ठेवलीय. बिजागऱ्यांना तेल घालते. परवा शेजारीण म्हणाली, वहिनी, एकट्या राहता, कुणीतरी शिरेल. आई हात पुसत म्हणाली, "शिरू दे. नेईल ते परत आणता येतं."

समोरच्या इमारतीतली माणसं त्या दिवशी गॅलरीत उभी राहून हळहळली होती. त्यांच्या झडपांना अजून कुलपं आहेत. एकीसमोर तर कपाट उभं केलंय! अहो, हळहळून कुणाचं कुलूप उघडत नाही.

तुम्हीही उठा. वाचायचं नंतर. खिडकीपुढचं सामान हलवा, कुलूप काढा, आणि घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला झडप एकट्यानं उघडायला लावा. जमेपर्यंत तिथून हलू नका.